डॅशकॅमला फ्यूज बॉक्समधून लाइन कशी द्यावी

डॅशकॅम घेणारा माणूस आठ दिवस टू-के घ्यावा की फोर-के यावर घालवतो आणि वायरिंगचा विचार खोकं उघडल्यावर करतो. मग लायटरच्या सॉकेटमधून निघालेली वायर गिअरवरून, डॅशबोर्डवरून लोंबत काचेपर्यंत जाते. मोबाइल चार्ज करायचा की कॅमेरा चालू ठेवायचा, यावर नवरा-बायकोत वाद होतात. शिवाय गाडी बंद झाली की बहुतेक गाड्यांत सॉकेटही बंद होतो, म्हणजे पार्किंगमध्ये कोणी ठोकून गेलं तर कॅमेरा झोपलेला.

साताऱ्यात हायवेलगत आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वडिलांनी ते ट्रक-ट्रॅक्टरच्या डायनॅमो आणि सेल्फच्या कामावर उभं केलं. कार माझ्याकडे असतात. खंबाटकी घाटातून नेहमी ये-जा करणारी मंडळी हल्ली कॅमेरा घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, दहा मिनिटांचं काम आहे ना?" नाही. नीट करायचं तर मलाही दीड-दोन तास लागतात. घरी पहिल्यांदा करणार असाल तर रविवारची अख्खी सकाळ धरा. पण हात स्थिर असेल आणि मीटर वाचता येत असेल, तर घरी जमण्यासारखं आहे. गिऱ्हाईक हातचं जाईल हे माहीत असूनही सांगते.

सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करा. फ्यूज कॅमेरा वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. डॅशबोर्डच्या आत वायर पत्र्याच्या कडेवर घासली, वरचं प्लॅस्टिक गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं, की बॅटरी त्या केसाएवढ्या वायरीतून शेकडो अँपिअर ढकलायला तयार असते. वायर तापते, शेजारच्या वायरींचं आवरण वितळतं आणि मग धूर. मध्ये योग्य मापाचा फ्यूज असेल तर तो उडतो आणि विषय तिथेच संपतो. म्हणून नव्या वायरीला तिचा स्वतःचा, तिच्या जाडीला शोभेल असा फ्यूज हवा, आणि तो लाइन जिथून घेतली तिथेच हवा. मध्येच कुठेतरी किंवा कॅमेऱ्याजवळ बसवून उपयोग नाही, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर तशीच उघडी राहते.

सामानात पहिलं म्हणजे हार्डवायर किट. शक्यतो कॅमेऱ्याच्याच कंपनीचं घ्या. त्यात मध्ये एक छोटी डबी असते. ती १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करते आणि बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की कॅमेरा बंद करते. या बंद करण्याला कट-ऑफ म्हणतात आणि किटचे पैसे आपण खरं तर त्यासाठीच मोजतो. डबीतून एका बाजूला कॅमेऱ्याकडे जाणारी लांब वायर आणि दुसऱ्या बाजूला तीन आखूड वायरी निघतात: एक कायम लाइनची, एक चावी फिरवल्यावर लाइन येते तिथली आणि एक अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची. बहुतेक किटमध्ये त्या अनुक्रमे पिवळी, लाल आणि काळी असतात. पण रंगावर विसंबू नका. वायरीवर बीएटीटी (कायम), एसीसी (चावीवरची), जीएनडी (अर्थ) असं छापलेलं असतं, ते वाचा.

दुसरं, फ्यूज टॅप. हा फ्यूजच्या जागी बसतो आणि त्यावर दोन फ्यूज लागतात, एक गाडीचा जुना आणि एक आपला नवा. गाडीची एकही वायर कापावी लागत नाही, आणि उद्या गाडी विकताना सगळं उपटून पूर्ववत करता येतं. टॅप घेताना फ्यूजचा साइज नीट बघा. मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी वरून सारखेच दिसतात, पण लो-प्रोफाइलचे पाय अगदी आखूड असतात. मायक्रो आणखी वेगळा. जुन्या गाड्यांत मोठा, रेग्युलर साइजचा फ्यूज असतो. गाडीतला एक फ्यूज उपटून हातात घेऊन दुकानात जा, हे सगळ्यात सोपं. जबरदस्तीने चुकीचा टॅप कोंबला की आतली पकड सैल होते. सैल पकड म्हणजे उष्णता, आणि मग जळालेला फ्यूज बॉक्स बदलायची वेळ येते.

तिसरं, मल्टीमीटर. साधा चालेल. आमच्या दादांकडे अजूनही टेस्ट बल्ब आहे, होल्डरला दोन वायरी जोडलेला. त्यांचं म्हणणं, "बल्ब पेटला म्हंजे लाइन हाय, आन् काय पायजे?" ट्रॅक्टरला ते खरं आहे. पण बल्ब स्वतः करंट ओढतो आणि नव्या गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर तो लावला तर नुकसान होऊ शकतं. कारमध्ये मीटरच वापरा. बाकी दहाचा पाना, प्लॅस्टिकची ट्रिम काढायची पट्टी, केबल टाय आणि कापडी टेप. साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात गाडीच्या आत चिकट गोंद सोडते आणि सुटते. वायरी गुंडाळायला कापडीच बरी, खडखडही कमी होतो.

फ्यूज कुठला निवडायचा

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आतला फ्यूज बॉक्स बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डच्या खाली असतो. काहींत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे निघतो. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये नकाशा असतो. मी इथे मुद्दाम कुठल्याही मॉडेलचे फ्यूज नंबर देत नाही. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलमध्ये आणि बेस-टॉपमध्येही ते बदलतात. नकाशा बघा आणि मीटरने खात्री करा.

ज्यांना हात लावायचा नाही ते आधी बाजूला काढा: एअरबॅग म्हणजे एसआरएस, एबीएस, इंजिनचा कंप्युटर म्हणजे ईसीएम, फ्यूएल पंप, पॉवर स्टिअरिंग, हेडलाइट, ब्रेक लाइट. कॅमेऱ्याच्या लाइनीत काही गडबड झाली तर जास्तीत जास्त रेडिओ बंद पडावा. घाटात उतरताना ब्रेक लाइट नव्हे.

चावीवरच्या लाइनीसाठी लायटर सॉकेट, रेडिओचा एसीसी किंवा मागचा वायपर चांगले. कायम लाइनीसाठी आतला दिवा, हॅझर्ड किंवा सेंट्रल लॉक. जुना फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा असलेली जागा घ्या. बाजारातले बरेच छोटे टॅप त्याच मापाचे असतात, २०-३० अँपिअरच्या पॉवर विंडोच्या जागी ते लावू नका.

आता मीटर डीसी व्होल्ट २० च्या रेंजवर ठेवा. काळी प्रोब पत्र्याच्या बोल्टला, लाल प्रोब फ्यूजच्या पाठीवर दिसणाऱ्या दोन बारीक धातूच्या ठिपक्यांपैकी एकाला. फ्यूज न काढता मोजता येतं. चावी बंद असताना १२ च्या पुढे दाखवलं तर ती कायम लाइन. चावी एसीसीवर फिरवल्यावरच आलं तर ती आपल्या लाल वायरीची.

इथे बरेच जण फसतात. पुश-बटन गाड्यांत, आणि हल्ली साध्या चावीच्याही अनेक गाड्यांत, गाडी बंद केली तरी काही लाइनी पाच-दहा मिनिटं जिवंत राहतात. दार उघडं असेल तर गाडी झोपतच नाही. उलट, आतल्या दिव्याची लाइन "कायम" वाटते, पण बॅटरी वाचवायला गाडीच ती काही वेळाने तोडते. मग तुम्ही कॅमेरा बसवता, पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाचं रेकॉर्डिंग, संध्याकाळी मस्त चालतो आणि रात्री बाराला कॅमेरा बंद.

यावर उपाय असा. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवा आणि दाराच्या कडेला जे लॉक दिसतं, त्याचा खटका स्क्रूड्रायव्हरने आत ढकला. टक-टक असे दोन आवाज येईपर्यंत. गाडीला वाटतं दार लागलं. दाराचा वेगळा स्विच असेल तर तोही दाबून टेपने धरा. आता रिमोटने लॉक करा, चावी घरात नेऊन ठेवा, चहा घ्या, वीस-पंचवीस मिनिटांनी येऊन परत मोजा. आता जिथे १२ च्या पुढे आहे ती खरी कायम लाइन, आणि जिथे शून्य आहे ती खरी एसीसी. दार ढकलण्याआधी अनलॉक करून हँडल ओढा म्हणजे खटका परत उघडेल. तसंच आपटलं तर लॉक आणि पिन दोन्ही वाकतील.

टॅप कसा बसवायचा

फ्यूज बॉक्सला हात लावण्याआधी चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प दहाच्या पान्याने सोडवा. आधी नेहमी निगेटिव्ह. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर काय होतं ते बघायची हौस नको. घड्याळ, रेडिओचं सेटिंग, वन-टच काच हे नंतर पुन्हा सेट करावं लागेल. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

फक्त टॅपची दिशा तपासायला बॅटरी जोडलेली लागते, म्हणून ते मोजमाप आधीच उरकून घ्या. निवडलेला फ्यूज उपटा. बॉक्समधल्या मोकळ्या दोन खाचांपैकी एकीत, चावी ऑन असताना, १२ व्होल्ट दिसतील आणि दुसरीत नाही. जिथे दिसले ती लाइनची बाजू. कागदावर लिहून ठेवा. मग टॅप हातात घ्या, मीटर कंटिन्युइटीवर म्हणजे 'बीप'वर ठेवा. टॅपच्या दोन पायांपैकी एक पाय दोन्ही फ्यूजच्या घरांशी जोडलेला असतो, दुसरा फक्त जुन्या फ्यूजच्या घराशी. दोन्हींकडे बीप देणारा पाय लाइनच्या बाजूला गेला पाहिजे. मग करंट बॉक्समध्येच दोन वाटांनी फुटतो, एक जुन्या फ्यूजमधून रेडिओकडे आणि एक आपल्या फ्यूजमधून कॅमेऱ्याकडे. टॅप उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण तेव्हा कॅमेऱ्याचाही करंट जुन्या फ्यूजमधून जातो आणि त्याच्यावर दोघांचा भार पडतो.

पायांच्या जवळच्या घरात गाडीचा जुना फ्यूज, तोच, त्याच अँपिअरचा. वरच्या घरात आपला. कॅमेरा साधारण ३ ते ५ वॅट खातो, म्हणजे १२ व्होल्टवर अर्धा अँपिअरसुद्धा नाही. २ अँपिअरचा करडा किंवा ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज पुरतो. किटसोबत बहुधा ५ अँपिअरचा फिका तपकिरी येतो, तोही चालेल. त्याच्या वर जाऊ नका. किटची वायर बारीक असते. १५ चा निळा फ्यूज लावला तर फ्यूज शाबूत आणि वायर कोळसा, असं होईल. फ्यूज परत परत उडतोय म्हणून मोठा टाकणारे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळून बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. फ्यूज उडतोय म्हणजे वायर कुठेतरी चेपलेली आहे. ती शोधा.

टॅपची वायर आणि किटची वायर जोडताना क्रिंप, म्हणजे वायरींवर दाबून बसवायचा धातूचा जोड, नीट दाबा, मग दोन बोटांनी ओढून बघा. निघून आली तर परत करा. नुसता पीळ देऊन टेप मारलेला जोड गाडीत टिकत नाही, कारण तिथे सतत कंप असतो. आणि गाडीच्या मूळ वायरीला चावणारे ते निळे-लाल टी-जोड तर आमच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या भुताटकीचं मूळ आहेत.

अर्थसाठी फ्यूज बॉक्सजवळ पत्र्यात घट्ट बसलेला, रंग नसलेला बोल्ट शोधा. प्लॅस्टिकमध्ये घुसलेला स्क्रू नको, रंग लावलेला नट नको. जिथे गाडीच्याच बऱ्याच अर्थ वायरी एकत्र आल्यात तिथेही गर्दी करू नका, त्यातली एखादी एअरबॅगची असते. बोल्ट थोडा सैल करा, किटच्या अर्थ वायरीचं यू आकाराचं टोक (लग) वॉशरखाली सरकवा, परत आवळा. खात्री करायला कंटिन्युइटीवर एक प्रोब बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या काढलेल्या निगेटिव्ह क्लॅम्पला, बीप आली पाहिजे. काही जण अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर घेतात. स्टार्ट-स्टॉप किंवा माइल्ड हायब्रिड गाड्यांत त्या टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो. थेट टर्मिनलवर घेतलं तर आपला करंट त्याच्या हिशेबात येत नाही आणि गाडीला वाटतं बॅटरी भरलेली आहे. बॉडीवरच घ्या. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते आणि पद्धत हीच, फक्त नारिंगी रंगाच्या जाड वायरींच्या जवळपासही जायचं नाही.

वायर काचेपर्यंत

कॅमेरा आरशाच्या मागे, डाव्या बाजूला, ड्रायव्हरच्या नजरेआड आणि वायपर पुसतो त्या भागात. तिथून वायर छताच्या कापडाच्या पुढच्या कडेत बोटांनी दाबत न्या. ती अलगद आत जाते. सनशेडचे स्क्रू काढायची गरज नाही.

अवघड जागा म्हणजे पुढचा पिलर, म्हणजे पुढच्या काचेच्या कडेचा खांब. त्यावर एसआरएस एअरबॅग असं कोरलेलं असेल तर तुमच्या गाडीत कर्टन एअरबॅग आहे. ती छताच्या कडेने घडी करून ठेवलेली असते आणि पिलरपर्यंत येते. उघडताना ती प्लॅस्टिक उडवून बाहेर येते. वायर तिच्या पुढून गेली असेल तर वायर तिला अडवेल किंवा फटक्यासारखी चेहऱ्यावर येईल. वायर पिशवीच्या मागून, पत्र्याच्या बाजूने, आधीपासून असलेल्या वायरिंगला टायने बांधून खाली न्या. पिशवीला टाय नको. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात नको, आणि त्यावर मीटर तर मुळीच नको. पिलरचं कव्हर काढण्याआधी बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती थांबायचं ते असेल तर तेवढं. बऱ्याच गाड्यांत या कव्हरच्या क्लिप एकदाच वापरायच्या असतात, नव्या आणून ठेवा. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर हे एवढं काम माहितगाराकडून करून घ्या, बाकीचं घरी करा. यात कमीपणा काही नाही. दाराच्या रबराखालून वायर नेण्याचा सोपा मार्ग सगळे सांगतात, पण कर्टन एअरबॅग नेमकी त्याच फटीतून बाहेर येते.

पिलरखाली आलं की उरलेली वायर गुंडाळा, टाय करा आणि डबीसह डॅशबोर्डच्या आतल्या एखाद्या स्थिर वायरिंगला बांधा. एसीच्या गरम हवेच्या डक्टला चिकटवू नका. आता वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून, ब्रेक-क्लच-ॲक्सिलरेटर तिन्ही शेवटपर्यंत दाबून बघा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. बॉनेटचा खटका ओढा. वायर कुठेही हलता कामा नये. पेडलमागे लोंबणारी वायर शॉर्ट सर्किटपेक्षा जास्त धोक्याची आहे.

कट-ऑफ किती ठेवायचा

इथे थोडा हिशेब करा. ४ वॅटचा कॅमेरा १२ व्होल्टवर साधारण ०.३५ अँपिअर ओढतो, म्हणजे चोवीस तासांत ८ एएचच्या (अँपिअर-अवर, अँपिअर गुणिले तास) आसपास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ एएच. शुक्रवारी रात्री गाडी लावली, रविवारी रात्री काढायची म्हटली तर १६ एएच गेले, जवळपास निम्मी बॅटरी. तीन वर्षं जुनी असेल तर तिच्यात मुळात ३५ उरलेलेच नसतात. म्हणजे रविवारी रात्री सेल्फ नुसता कडकड करणार आणि शेजाऱ्यांना धक्क्याला बोलवायचं.

लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ व्होल्टला पूर्ण भरलेली, १२.४ ला पाऊण, १२.२ ला निम्मी आणि १२.० ला पावच असते. किटवर ११.८, १२.०, १२.२, १२.४ असे पर्याय असतात. विकणारा ११.८ वर लावून देतो, कारण कॅमेरा जास्त वेळ चालला की तुम्ही खूश. मी १२.२ च्या खाली लावून देत नाही. रोज गावातल्या गावात चार किलोमीटर गाडी फिरणार असेल तर १२.४. एवढ्या फेरीत बॅटरी परत भरतच नाही. किटमध्ये वेळेची मर्यादा असेल तर बारा तास ठेवा, रात्र निघते.

आणि गाडी बंद पार्किंगमध्ये, वॉचमनच्या नजरेसमोर उभी असेल तर पार्किंग मोडची गरज तरी काय? बहुतेक किटमध्ये पिवळी आणि लाल दोन्ही एसीसीच्या टॅपवर एकत्र जोडली की कॅमेरा चावीबरोबर चालू-बंद होतो. एकच टॅप आणि बॅटरीची चिंता शून्य. उन्हात लावलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डवर तापमान सत्तर अंशांच्या घरात जातं. अशा ठिकाणी लिथियम बॅटरीचा कॅमेरा फुगतो, म्हणून घेतानाच सुपरकपॅसिटरवाला बघा.

सगळं झाल्यावर निगेटिव्ह क्लॅम्प जोडा. चावी एसीसीवर, कॅमेरा सुरू. इंजिन चालू करून व्होल्टेज बघा, जुन्या पद्धतीच्या चार्जिंगवर १३.८ ते १४.४ मिळेल. चावी बंद, कॅमेरा पार्किंग मोडला गेला पाहिजे. एअरबॅगचा लाल दिवा सुरुवातीला लागून विझला का ते मुद्दाम बघा. तो पेटलेलाच राहिला तर गाडी चालवू नका, तपासून घ्या. पहिले काही दिवस सकाळी इंजिन चालू करण्याआधी बॅटरीवर मीटर लावत जा. १२.४ च्या खाली सतत दिसत असेल तर कट-ऑफ वर घ्या किंवा बॅटरी तपासा.

शेवटी मार्करने फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा: कुठल्या जागी टॅप आहे, त्यात कॅमेऱ्याचा फ्यूज किती अँपिअरचा, कट-ऑफ किती. उद्या रेडिओ बंद पडला की गाडी माझ्यासारख्या कोणाकडे तरी जाईल, आणि त्या माणसाला टॅप कशाचा ते शोधायला अर्धा तास लागेल. तो अर्धा तास बिलात तुमच्याच नावावर येतो.